२ सप्टेंबर १९६३ : यशवंतरावांनी संसदेत काय सांगितलं आणि काय नाही

"हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला" हे वाक्य महाराष्ट्रात ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. भाषणात येतं, जयंतीच्या बॅनरवर येतं, शाळेच्या निबंधात येतं. पण सह्याद्री तिकडे पोचल्यावर नेमकं काय केलं हे विचारलं की बहुतेकांची गाडी तिथेच थांबते, माझीही बरीच वर्षं थांबलेली. नंतर कधीतरी यशवंतराव चव्हाणांचं संसदेतलं २ सप्टेंबर १९६३ चं निवेदन वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. १९६२ च्या युद्धात चीनकडून पराभव झालाय, चौकशी झालीये, रिपोर्ट गुप्त ठेवायचा ठरलंय आणि तरीही संसदेला हिशोब द्यायचाय, अशा कात्रीत सापडलेला मंत्री किती सांगू शकतो, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. आणि त्याची मर्यादाही त्याच निवेदनात आहे, म्हणून हे एकच प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

मागचं थोडक्यात. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चीनने नेफामध्ये म्हणजे आजच्या अरुणाचलमध्ये नामका चू नदीच्या खोऱ्यात हल्ला केला आणि तिथली आपली ७ ब्रिगेड काही तासांत मोडून पडली, ब्रिगेडियर दळवी कैद झाले, त्याच आठवड्यात तवांग गेलं. मग काही आठवडे शांतता आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सेला आणि बोमडिला दोन-तीन दिवसांत हातचे गेले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांप्रमाणे १३८३ जवान मारले गेले, सुमारे १७०० बेपत्ता आणि जवळपास ४००० युद्धकैदी. संरक्षण मंत्री कृष्ण मेनन यांना आधीच जावं लागलेलं, लष्करप्रमुख जनरल थापर गेले, नेफाची लढाई ज्या सैन्यविभागाकडे होती त्या ४ कोअरचे जनरल कौल गेले, आणि मुंबईहून मुख्यमंत्रिपद सोडून आलेले यशवंतराव संरक्षण खातं घेऊन बसले. वय ४९. लष्कराचा अनुभव शून्य, हे त्यांचे विरोधकही म्हणायचे आणि ते खरंच होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी कारण पुढे ती कामाला येते. युद्ध चालू असतानाच संसद भरलेली. अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी वाजपेयींसह विरोधकांनी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली, ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं, चर्चा जवळपास आठवडाभर चालली आणि दीडशेपेक्षा जास्त खासदार बोलले. बैठक गुप्त घ्या अशी सूचना लक्ष्मीमल सिंघवींनी केली होती ती नेहरूंनी नाकारली, लोकांना ऐकू दे म्हणाले. म्हणजे शत्रू आत घुसलेला असताना आपण उघड चर्चा केलीये. सुरक्षेचा विषय आला की सभागृहात बोलूच नये असं हल्ली कोणी म्हणालं की मला हा आठवडा आठवतो.

पण चर्चा वेगळी आणि हिशोब वेगळा. १९६३ च्या उन्हाळ्यात पोटनिवडणुकांमधून कृपलानी, लोहिया, मसानी असे तिघे दणकट विरोधक लोकसभेत आले आणि ऑगस्टमध्ये कृपलानींनी केंद्र सरकारवरचा पहिला अविश्वास ठराव मांडला. ठराव ३४७ विरुद्ध ६२ ने पडला, पण चार दिवस सरकारला बोलणी खावी लागली. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा यशवंतराव नेफाच्या चौकशीवर निवेदन करायला उभे राहिले. त्या सभागृहाची मनःस्थिती काय असेल याचा अंदाज करा.

आता चौकशीबद्दल, कारण इथेच बरेच गैरसमज आहेत. ही काही संसदेने नेमलेली समिती नव्हती, न्यायाधीशाचा आयोगही नव्हता. नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी लष्करातल्या लष्करात डिसेंबर १९६२ मध्ये नेमलेली दोन माणसांची चौकशी होती, लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत, हे भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसवाले. नेफाच्या लढाईशी दोघांचाही संबंध नव्हता, म्हणून निवडलेले. त्यांना विषय दिले पाच : ट्रेनिंग, शस्त्रं आणि साहित्य, कमांडची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या माणसांवर कमांडरांचा प्रभाव किती. बघा, पाचही प्रश्न खाली बघणारे आहेत. दिल्लीत कोणी काय ठरवलं हा प्रश्न यादीतच नाही. दोघांनी १२ मे १९६३ ला रिपोर्ट लष्करप्रमुखांना दिला, त्यांनी आपला अभिप्राय जोडून २ जुलैला संरक्षण मंत्रालयाकडे पाठवला आणि बरोबर दोन महिन्यांनी यशवंतराव संसदेसमोर आले. रिपोर्ट मंत्रालयात आल्यापासून दोन महिने! आज एखादा रिपोर्ट दोन महिन्यांत सभागृहापर्यंत कोणत्याही रूपात पोचला तर आपण नवल करू.

संसदेच्या नियमात एक बारकावा आहे तो कळल्याशिवाय हे निवेदन नीट कळत नाही. लोकसभेच्या आजच्या नियमावलीत ३६८ क्रमांकाचा नियम आहे. मंत्र्याने सभागृहात एखाद्या सरकारी कागदातलं शब्दशः वाचलं तर तो कागद सभागृहाच्या पटलावर ठेवावा लागतो, मात्र ते सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे असं मंत्री म्हणाला तर सूट, आणि दुसरी सूट अशी की मंत्र्याने स्वतःच्या शब्दात सारांश सांगितला तरी कागद ठेवायची गरज नाही. शिवाय नियम ३७२ प्रमाणे मंत्री स्वतःहून निवेदन करतो तेव्हा लोकसभेत त्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणजे गुप्त रिपोर्टचा सारांश स्वतःच्या भाषेत सांगणारा मंत्री नियमाच्या बाजूने पूर्ण सुरक्षित असतो, त्याला हवं ते सांगून हवं ते गाळता येतं. आता या सोयीचा वापर माणूस कसा करतो यावर सगळं येतं. गुळगुळीत दोन परिच्छेद वाचून बसता येतं. यशवंतरावांनी तसं केलं नाही.

सुरुवातीलाच सांगितलं की रिपोर्ट प्रसिद्ध करणार नाही, कारण त्याने सुरक्षेला धोका आहे आणि सीमेवर असलेल्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल. आणि मग एकेका मुद्द्यावर काय चुकलं ते सांगायला घेतलं.

ट्रेनिंगबद्दल म्हणाले की मूळ ट्रेनिंग चांगलं होतं, जवानांनी डोंगराशी जुळवून घेतलं, पण चीन युद्ध लादेल हा विचार ठेवून ट्रेनिंग कधी झालंच नाही, चिनी कसे लढतात, त्यांची शस्त्रं काय, ताकद काय, याची आपल्या जवानांना पुरेशी माहितीच नव्हती. हे वाक्य साधं वाटतं पण थांबून वाचा. शत्रू कोण असेल याचा अंदाजच चुकलेला होता हे त्यात आलं, आणि तो अंदाज बटालियनचा कर्नल करत नसतो.

साहित्याबद्दल सांगितलं की एकूण तुटवडा होता, ट्रेनिंगलाही आणि लढाईतही. पण सरसकट "शस्त्रंच नव्हती" असं नाही म्हणाले, उलट शस्त्रं चिन्यांशी लढण्याइतकी होती, ऑटोमॅटिक रायफल असत्या तर मदत झाली असती आणि त्या आता आणतोय असं म्हणाले. खरी अडचण पोचवण्याची होती. सामान मैदानातल्या शेवटच्या ठिकाणापर्यंत किंवा थोडं पुढेही जायचं, पण तिथून वर, जिथे माणूस लढतोय तिथे, विमानाने किंवा खेचरांवरून किंवा माणसांच्या पाठीवरून ते वेळेत पोचत नव्हतं. नामका चूला थंडीत सुती कपड्यांवर लढलेल्या जवानांच्या गोष्टी आपण ऐकतो ना, त्यामागचं कारण हे आहे. मला या भागात मंत्र्याचा प्रामाणिकपणा सगळ्यात जास्त दिसतो. "आधीच्या मंत्र्याने शस्त्रं दिली नाहीत" एवढं म्हटलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, मेनन यांच्यावर तेव्हा सगळेच तुटून पडत होते. त्यांनी सोपं उत्तर टाळून खरं आणि अवघड उत्तर दिलं, रस्ते नव्हते आणि वाहतूक तोकडी होती.

कमांडबद्दल त्यांनी जे सांगितलं ते तर आजही वाचताना अंगावर येतं. व्यवस्थेत मूलभूत चूक काही नाही, पण ठरलेली साखळी ओलांडली गेली तिथून अडचणी सुरू झाल्या. वरच्या अधिकाऱ्यांना खालच्या लढाईत हात घालायची सवय लागली होती, इतकी की कुठल्या तुकडीला कुठल्या कामावर धाडायचं हेही वरून ठरत होतं, आणि हे निर्णय जागेवरच्या कमांडरवर सोडायला हवे होते. त्यांनी नाव एकही घेतलं नाही. पण सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं असणार. जनरल कौल आजारी पडून दिल्लीला आलेले आणि कोअरची कमांड तरीही त्यांच्याकडेच, हे काही तेव्हा लपून राहिलेलं नव्हतं.

शारीरिक क्षमतेचा भाग मी पटकन सांगतो, जवान धडधाकट होते पण जे वरच्या उंचीवर अचानक नेले गेले त्यांना तिथल्या हवेची सवय व्हायला वेळ मिळाला नाही, बस. कमांडरांबद्दल मात्र उतरती भाजणी आहे. तरुण अधिकारी बरे, युनिटच्या पातळीवर काही चांगले काही सुमार, ब्रिगेडपर्यंत एखादा अपवाद सोडता ठीक, आणि त्याच्या वर गेलं की उणिवा जास्त दिसायला लागतात. पराभवानंतर दोष खाली ढकलायची आपल्याकडे जुनी खोड आहे, इथे एक संरक्षण मंत्री जाहीरपणे सांगतोय की जितकं वर जाल तितकी चूक मोठी. जे जवान आणि जे तरुण मेजर तिथे मेले त्यांच्या घरच्यांनी हे पेपरात वाचलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

पाच विषयांच्या बाहेरही ते गेले, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. गुप्त माहितीबद्दल सांगितलं की गोळा करण्याचं काम एकूणच समाधानकारक नव्हतं, माहिती हळू मिळायची, कळवली जायची ती मोघम, तिचा अर्थही कदाचित बरोबर लावला गेला नाही, त्यामुळे चिन्यांच्या जमवाजमवीचं स्पष्ट चित्र मिळालंच नाही. गुप्तचर यंत्रणेबद्दल इतकं सरळ वाक्य संसदेत त्याआधी कोणी मंत्री बोलला असेल असं मला वाटत नाही.

आणि मग ते एक वाक्य. कितीही मोठं आणि कितीही सुसज्ज सैन्य असलं तरी ज्या सरकारचं ते साधन आहे त्या सरकारने त्याला नीट धोरणात्मक दिशा आणि मुख्य आदेश द्यावे लागतात, आणि त्या आदेशांचा सैन्याच्या आकाराशी आणि साहित्याच्या स्थितीशी काही मेळ असावा लागतो, अशा अर्थाचं.

हे कोणाबद्दल आहे? सरकारबद्दल. कोणत्या सरकारबद्दल? ज्यात ते स्वतः बसलेले, ज्याचे पंतप्रधान नेहरू अजून समोरच्या बाकावर. सीमेवर पुढे पुढे चौक्या लावायचं धोरण हाती पुरेसं सैन्य आणि रस्ते नसताना रेटलं गेलं, हेच त्या वाक्याचं मराठी भाषांतर आहे, फक्त ते सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडलंय. रिपोर्टचा जो भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी मार्च २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला तो वाचला की कळतं मूळ कागदात हा मुद्दा कितीतरी जास्त टोकदार आहे, खालून लष्करातून इशारे येत होते आणि तरी चौक्या लावत गेले हे त्यात सविस्तर आहे.

इथे माझं मत सांगतो, पटेल न पटेल. हे वाक्य घालणं हे त्या दिवशीच्या यशवंतरावांचं सगळ्यात मोठं धाडस होतं आणि ते एवढंच ठेवणं ही त्यांची सगळ्यात मोठी चूक. ट्रेनिंगवर, साहित्यावर, कमांडवर प्रत्येकी भरपूर बोलायचं आणि ज्या निर्णयांमुळे ती ब्रिगेड तिथे गेली त्यावर नाव-गाव नसलेलं तत्त्व सांगायचं, याने तोल बिघडतो. लष्कराचा हिशोब झाला, राजकारणाचा नाही झाला. लोक म्हणतील की नेहरूंच्या मंत्रिमंडळात राहून ते दुसरं काय करणार होते, नवे होते, लष्कर अजून सावरलेलं नव्हतं, चीन पुन्हा येईल ही भीती होती. सगळं खरं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर एवढंही बोललो नसतो बहुधा. पण संसदेला उत्तर देणं म्हणजे स्वतःच्या बाकाचाही हिशोब देणं, आणि तो राहिला तो राहिलाच, कारण त्यानंतर कोणीच दिला नाही.

एक बाजू मात्र मान्यच करायला हवी की त्यांनी सांगितलेल्या चुका कागदावर राहिल्या नाहीत. १९६४ मध्ये संरक्षणाची पंचवार्षिक योजना आली, सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं, हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं करायचं, डोंगरात लढायला वेगळ्या माउंटन डिव्हिजन, जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्रीच्या जागी सेल्फ लोडिंग रायफल. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी रोज सकाळी बैठक घ्यायची पद्धत त्यांनी पाडली. आणि १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी दिली आणि त्याच संध्याकाळी विमानं तिथे पोचली. कुठली विमानं, किती, कशी, हे हवाई दलाने बघितलं. दोन वर्षांपूर्वी सभागृहात जे म्हणाले होते की दिशा सरकारने द्यावी आणि तपशील कमांडरवर सोडावा, ते वागून दाखवलं. म्हणून मला ते निवेदन पोकळ वाटत नाही.

आता पुढची साठ वर्षं. रिपोर्ट कुलपात तो कुलपातच. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात मागितला, २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नाही म्हटलं. २०१० मध्ये संरक्षण मंत्री अँटनी संसदेत म्हणाले की मजकूर फार संवेदनशील आहे आणि आजही त्याला लष्करी महत्त्व आहे. मार्च २०१४ मध्ये विरोधात असलेले अरुण जेटली म्हणाले की असे कागद अनंतकाळ गुप्त ठेवणं लोकहिताचं नाही, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षण मंत्री म्हणून त्यांनीच राज्यसभेला उत्तर दिलं की रिपोर्ट उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. खुर्ची बदलली की उत्तर बदलतं, पक्ष कुठलाही असो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. यशवंतरावांचं "आत्ता प्रसिद्ध करता येणार नाही" हे १९६३ मध्ये समजण्यासारखं होतं, युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, त्यातली माणसं नोकरीत होती. तेच कारण पन्नास वर्षांनी देणाऱ्यांनी निदान त्यांच्याइतकं तरी सांगायचं होतं ना सभागृहाला.

आणि हे जमत नाही असं नाहीये. कारगिलनंतर संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९९ मध्ये समिती नेमली, तिने काही महिन्यांत रिपोर्ट दिला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेत मांडला गेला. गुप्त मजकूर जिथे होता तिथे गाळला, कुठे गाळलंय ते छापील प्रतीत दिसतं, बाकी सगळं कोणीही वाचू शकतं. गुप्तचर यंत्रणांचा तिथेही पंचनामा झाला. त्याने सैन्याचं मनोधैर्य खचलं असं काही कोणी दाखवलेलं नाही.

अजून एक फरक पडलाय तो खासदारांच्या हातातल्या हत्यारांचा. १९६३ मध्ये संरक्षण खात्यावर बसून प्रश्न विचारणारी स्थायी समितीच नव्हती, विभागवार स्थायी समित्या आल्या १९९३ मध्ये. मार्च २०१८ मध्ये याच संरक्षण समितीसमोर, अध्यक्ष होते सत्ताधारी पक्षाचेच मेजर जनरल खंडुरी, लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितलं की ६८ टक्के साहित्य जुनाट वर्गातलं आहे आणि आधुनिकीकरणाला मिळालेले २१,३३८ कोटी आधीच देणं असलेल्या २९,०३३ कोटींनाही पुरत नाहीत. समितीने ते जसंच्या तसं रिपोर्टमध्ये छापलं. "साहित्याचा एकूण तुटवडा" हे वाक्य हरल्यानंतर मंत्र्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आधीच आकड्यानिशी समितीत येणं केव्हाही बरं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीचे अध्यक्ष बदलले गेले, खंडुरींच्या जागी दुसरे आले.

आजच्या एखाद्या खासदाराला या प्रकरणात काही करायचं असेल तर "रिपोर्ट उघड करा" हा प्रश्न पुन्हा विचारून उपयोग नाही, त्याचं उत्तर छापून तयार आहे. प्रश्न तुकड्यांनी विचारावा असं मला वाटतं. ट्रेनिंगचा भाग आज का गुप्त आहे, तेव्हाच्या रायफल तर कधीच्या बाद झाल्या. शारीरिक क्षमतेचा भाग का गुप्त. नकाशे आणि चौक्यांच्या जागा गाळून उरलेलं देता येईल का, कारगिलच्या वेळी दिलं तसं. आणि यशवंतरावांनी त्या एका वाक्यात ज्याला धोरणात्मक दिशा म्हटलं त्यावर मूळ रिपोर्टमध्ये किती पानं आहेत, मजकूर नका देऊ, नुसता पानांचा आकडा सांगा.